घर कोणाच्या नावे

श्रीधर हिवरे वर्ध्याला शिक्षण खात्याच्या ऑफिसात पेन्शनचं टेबल सांभाळायचे. रिटायर व्हायला आलेला कुणीही मास्तर समोर बसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "वारसाचं नाव कोणतं लिहिलं आहे? लग्नाआधीचं तर नाई ना? बदलवून घ्या, गुरुजी. तुमच्या घरी मागून काय झालं, हे कागदाले माहीत नसते." एका मास्तरांच्या कागदावर मेलेल्या आईचं नाव राहिलं होतं आणि त्यांच्या बायकोला वर्षभर खेटे घालावे लागले होते, ते श्रीधररावांनी जवळून पाहिलं होतं.

पिपरी मेघेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, स्वतः बांधलेलं. पहिली बायको शोभा काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. आष्टीला मोठे भाऊ पुंडलिकराव किराणा दुकान चालवायचे, त्यांचा मुलगा राजस शिकायला काकाकडे राहत होता. त्याचा डबा श्रीधरराव करायचे, परीक्षेच्या दिवसांत त्याच्यासोबत पहाटे उठायचे. १९९१ साली त्यांना टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात काढला. बरे झाल्यावर ते रजिस्ट्री ऑफिसात गेले आणि मृत्युपत्र करून आले. माझ्यामागे घर राजसचं. तेव्हा त्यांना दुसरं कोणी नव्हतंच.

इंदिरा त्यांच्या आयुष्यात आली ती १९९६ मध्ये. ती अडतीस वर्षांची विधवा, रामनगरात भाड्याच्या खोलीत बालवाडी चालवायची. मैत्रेयी तिची आठ वर्षांची मुलगी. लग्न अगदी साधं झालं. राजस तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. तो आला, पंगतीत वाढलं, नव्या काकूच्या पाया पडला. पुढच्याच आठवड्यात श्रीधररावांनी फंडाच्या आणि पेन्शनच्या कागदांवर इंदिराचं नाव लावलं. घराचं मात्र राहिलं.

ही गोष्ट त्यांनी तिच्यापासून लपवली नाही. पहिल्याच दिवाळीत कपाट आवरताना त्यांनी तिला तो कागद दाखवला.

"हे मले बदलवाचं आहे," ते म्हणाले.

"मग बदलवा ना."

"बदलवतो. पण आधी राजसले सांगतो. त्याले मागून कळलं तर वाईट वाटन. लेकरासारखा वाढवला आहे त्याले."

इंदिराला ते पटलं. तिने घराच्या मागच्या अंगाला टिनाची शेड टाकून बालवाडी तिथे आणली. सकाळी पंचवीस-तीस पोरांचा कलकलाट असायचा आणि श्रीधरराव ऑफिसला निघताना त्यातल्या दोघाचौघांना तरी शर्टाची बटणं लावून द्यायचे. मैत्रेयी त्यांना आधी काका म्हणायची, सहावीपासून बाबा म्हणायला लागली. शाळेच्या दाखल्यावर मात्र नाव तिच्या सख्ख्या वडिलांचंच होतं.

आष्टीला जाऊन भावाला आणि राजसला सांगायचं म्हणून श्रीधरराव तीनदा गेले. एकदा राजस नापास झाल्याचं त्याच सकाळी कळलेलं, घरात कुणी जेवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी वहिनी आजारी. तिसऱ्या वेळी सगळं ठीक होतं, पुंडलिकरावांनी पुरणपोळी करवली होती, आणि श्रीधररावांच्या तोंडून शब्दच निघाला नाही. परत आल्यावर ते म्हणाले, "राजसचं लग्न होऊन जाऊ दे. सोयरिकीच्या टायमाले हा विषय नको." लग्न झालं. मग म्हणाले, आता रिटायर झालो की निवांत करू.

इंदिरानेही फार रेटा लावला नाही. घरासाठीच लग्न केलं, असं आष्टीचे लोक म्हणतील ही भीती तिला पहिल्या दिवसापासून होती. दहा वर्षांत तिने दोनदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते थोडे चिडलेच. "मी काय मरून राह्यलो का आता?" असं म्हणाले, आणि संध्याकाळी तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले.

रिटायर झाल्यावर सहा महिन्यांनी, जानेवारीत, आंघोळ करून बाहेर येताना ते दारातच कोसळले. उजवा हात, उजवा पाय गेला. पाय काठीच्या आधारानं थोडा परतला. बोलणं परतलं नाही. म्हणजे शब्द यायचे, पण दुसरेच. चहाला ते खुर्ची म्हणायचे, मैत्रेयीला शोभा म्हणायचे. चुकलं हे त्यांच्या लक्षात यायचं, मग मान जोरजोरात हलवायचे आणि शेवटी गप्प बसायचे.

"त्यांना समजतं सगळं," डॉक्टर म्हणाले. "जो शब्द पाहिजे तो हाती लागत नाही."

"लिहून दाखवू शकतील का?"

"लिहिण्याचंही तेच होतं, ताई. बोलणं आणि लिहिणं एकाच ठिकाणाहून येतं."

मार्चमध्ये एका दुपारी त्यांनी इंदिराला खुणेनं कपाट उघडायला लावलं. डाव्या हातानं मृत्युपत्र ओढून काढलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर थापा मारल्या. दोनदा, तीनदा. मग तिच्याकडे बघत राहिले.

"बदलवाचं आहे का?" तिने विचारलं.

त्यांनी मान हलवली. होकाराची होती, असं तिला वाटलं.

वकिलांनी नवा कागद तयार केला. घर इंदिराचं, तिच्यामागे मैत्रेयीचं. शेजारचे मधुकरराव आणि त्यांचा भाचा साक्षीदार म्हणून आले. मधुकरराव रिटायर्ड मास्तर, श्रीधररावांनी त्यांचीही पेन्शन काढून दिली होती. सगळे दोन रिक्षांत बसून रजिस्ट्री ऑफिसात गेले. इंदिराने नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांगही पाडून दिला होता.

रजिस्ट्रार तरुण होते, वागायला सभ्य होते. त्यांनी श्रीधररावांना खुर्ची दिली आणि बाकीच्यांना जरा मागे उभं राहायला सांगितलं.

"काका, हा कागद तुमच्या मर्जीनं केला आहे ना?"

श्रीधररावांनी मान हलवली.

"तुमच्यामागे घर कोणाला द्यायचं आहे? नाव सांगा."

श्रीधररावांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला. इंदिरा मागून बघत होती.

"राजस," ते म्हणाले.

इतके स्पष्ट ते दोन महिन्यांत काही बोलले नव्हते. रजिस्ट्रारनी कागदाकडे पाहिलं, मग इंदिराकडे.

"काका, परत एकदा सांगता का? सावकाश."

"राजस. राजस." मग त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. डाव्या हातानं टेबलावर मारलं, मागे वळून इंदिराचा हात शोधला आणि तिचं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. "राजस," ते पुन्हा म्हणाले.

"साहेब, त्यांचे शब्द चुकतात," वकील म्हणाले. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे."

"सर्टिफिकेट मी वाचलं. पण मला त्यांच्या मनात काय आहे याची खात्री पाहिजे. त्यांनी नाव घेतलं ते कागदावर नाही. काकू, हात धरला यावरून मी नोंद कशी करू? बोलणं सुधारलं की आणा, मी स्वतः बघतो."

 वकील नंतर म्हणाले की घरीच सही-अंगठा घेता येईल, रजिस्ट्री लागतेच असं नाही. पण आधीचं मृत्युपत्र रजिस्टर झालेलं, आणि आज जे झालं ते साक्षीदारांसमोर झालेलं. कोर्टात पहिला प्रश्न त्याचाच येईल. घरच्या कागदावर साक्षीदार व्हाल का, हे विचारायला इंदिरा मधुकररावांकडे गेली, तर ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"वहिनी, मी खोटं नाई बोलू शकत. उद्या मले विचारलं का त्यानं कोणाचं नाव घेतलं, तर मी काय सांगू?"

बोलणं सुधारलं नाही. ऑगस्टमध्ये दुसरा झटका आला आणि श्रीधरराव गेले.

तेरवीपर्यंत घराचा विषय निघाला नाही. नंतर पुंडलिकराव आले. राजस त्यांच्यासोबत होता, खाली मान घालून.

"इंदिराबाई, तुमचं पेन्शन तुम्हाले आहे, त्याच्यात आम्हाले काही नको," पुंडलिकराव म्हणाले. "घर त्यानं राजसले देल्लं. रजिस्ट्री ऑफिसातही त्यानं राजसचंच नाव घेतलं, अख्ख्या पिपरीले माहीत आहे. मरणाऱ्या माणसाची इच्छा आहे ती."

"दादा, त्यांचे शब्द चुकत होते. ते चहाले खुर्ची म्हणत."

"खुर्ची म्हणत असन. पण तिथं खुर्ची नाई म्हटलं ना."

राजस इतकंच म्हणाला, "काकू, तुम्ही राहा. मी कुठं काढून राह्यलो तुम्हाले." त्याच्या मनात ते असावंही. पण दीड वर्षानं त्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, पोरगं झालं होतं, आणि घराला गिऱ्हाईक चालून आलं. फोनवर तो रडला. इंदिराने त्याला समजावलं आणि सामान बांधायला घेतलं. वकिलांनी खावटीचा, म्हणजे पोटगीचा, दावा सुचवला होता. त्यात घर मिळणार नव्हतं, म्हणून तिने तो केला नाही.

बालवाडीची शेवटची पोरं एप्रिलमध्ये गेली. शेडचे पत्रे नवीन मालकानं भंगारात काढले. इंदिराने सिंदीला, रेल्वे फाटकाजवळ, भावाच्या ओळखीनं एक खोली भाड्यानं घेतली. मैत्रेयीनं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडलं आणि जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसू लागली. कापसाच्या हंगामात घरी यायला तिला अंधार व्हायचा. केसांत कापसाचे तंतू अडकलेले असायचे.

एकदा जेवताना मैत्रेयी म्हणाली, "आई, तिथं बाबांना तुझंच नाव घ्यायचं होतं ना?"

इंदिराने ताटातला भात कालवला. तिला तो हात आठवत होता, मनगटावर बोटांचे वळ दोन दिवस राहिले होते. आणि तो आवाजही आठवत होता, किती स्वच्छ होता तो. आजारी पडल्यापासून त्यांनी एकदाही तिला इंदू म्हटलं नव्हतं, चुकूनसुद्धा नाही. दहा वर्षं त्यांना वेळ मिळाला नाही, की त्यांना ते करायचंच नव्हतं, हे आता कुणाला विचारणार?

"हो," ती म्हणाली. "माझंच."

मैत्रेयीनं तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग ताट उचललं आणि घासायला घेऊन गेली.