बिनसावलीचं दुकान

“स्थानक झकास झालंय रे,” प्योबाई म्हणाल्या. “नव्या इमारतीत नमुन्याचा फ्लॅट दाखवतात ना, अगदी तसं.”

ते स्थानक उभारणाऱ्या डोग्योमचा चेहरा पडला. प्योबाई म्हणजे दक्षिण कोरियात पांग्योच्या एका गेम कंपनीत, नव्या गेममधल्या अवकाशस्थानकाच्या कामाच्या प्रमुख. तोंडाने फटकळ, पण नजर अशी की काही सुटायचं नाही. त्यांनी पडद्यावर कप्तानाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “कथेत म्हटलंय, इथे दोन पिढ्या नांदल्या. कुठे नांदल्या? हवेत तरंगत?”

“अवकाशात तरंगतातच की, बाई,” मागून कोणीतरी म्हणालं.

“आपलं स्थानक गरगर फिरतं, म्हणून त्यात माणसं पायांनी चालतात. कधीपासून यावर काम करताय, एकदा कथा तरी वाचा.” मग डोग्योमकडे वळून त्या जरा मवाळ झाल्या. “एखादी वापरून वापरून झिजलेली जागा शोध. तिथलं लोखंड, तिथलं कातडं, तिथली फरशी उचलून आण.”

जागा शोधायला डोग्योमला लांब जावं लागणार नव्हतं. इंचॉनच्या चढावरच्या गल्लीत त्याच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं. गल्ली पाडून तिथे टॉवर उभे राहायचे होते. शेजारपाजार उठून गेला होता, समोर त्तोक, म्हणजे तांदळाच्या वड्या, विकणारीची नुसती ताडपत्री मागे राहिली होती, भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या मारून झाल्या होत्या. म्हातारा तेवढा रोज शटर वर करून बसायचा, आणि जुनी गिऱ्हाइकं सवयीने चढ चढून यायची.

आता या धंद्याची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ही मंडळी चित्र काढत नाहीत, वस्तूचं अंग फोटोंतून टिपतात. रंग किती, खरखरीतपणा किती, धातू आहे की नाही, एवढंच. ऊन, दिवा, चकाकी हे सगळं नंतर संगणक घालतो, खऱ्या जगातल्या प्रकाशाच्या नियमाने. म्हणून फोटोत उजेडाचा मागमूस चालत नाही. चुकून फरशीवर एखादी सावली राहिली, तर ती स्थानकातही राहते, आणि मग नसलेल्या सूर्याची सावली पाहून लोक हसतात. डोग्योम या बाबतीत फार काटेकोर होता. नवीन पोरांना तोच शिकवायचा.

त्याने दुकानाच्या खिडकीवर काळं कापड ठोकलं. दिव्यांवर आणि भिंगावर चकाकी गाळून टाकणाऱ्या काचा चढवल्या. बे आजोबा, म्हणजे त्याचे वडील, कंबरेवर हात ठेवून बघत होते.

“दुकान लोकांना दाखवायचंय की लपवायचंय?” त्यांनी विचारलं. “दुपार कलली की काढ फोटो. समोरच्या त्तोकवालीच्या पिवळ्या ताडपत्रीवरून ऊन आत येतं. तेव्हा बघ दुकान कसं दिसतं.”

“मला ऊन नकोय, बाबा. ऊन मी नंतर घालणार आहे.”

“तू ऊन घालणार?” म्हातारा खो खो हसला. “मोठा आला सूर्यनारायण. आधी ते केस कापून घे, न्हाव्याचा पोरगा वाटत नाहीस.”

कामाला सुरुवात झाली आणि म्हाताऱ्याची पंचाईत झाली. दुकान केवढंसं, आणि जिकडे उभे राहतील तिकडे ते आडवे यायचे. खुर्चीभोवतीची फरशी घोड्याच्या नालासारखी झिजली होती, कारण जन्मभर ते तिथेच फिरले होते. आताही पाय तिकडेच वळायचे.

“बाबा, सावली पडतेय. जरा सरका.”

ते बाकावर गेले. तिथूनही त्यांचं डोकं आरशात दिसायला लागलं.

“अजून थोडं.”

ते दारात गेले, मग पायरीवर. “आता ठीक? की खालच्या रस्त्यावर जाऊन उभा राहू?”

“हां, तिथेच थांबा,” डोग्योम भिंगातून डोळा न काढता म्हणाला. ज्या फोटोंत त्यांचं कोपर किंवा सावली शिरली होती, ते त्याने जागच्या जागी पुसून टाकले. चांगला कारागीर कचरा ठेवत नाही, ही त्याची शिस्त.

स्थानकाचं नशीब मात्र फळफळलं. कप्तानाच्या खुर्चीला म्हाताऱ्याच्या खुर्चीचं कातडं चढलं, भोवती ती झिजलेली फरशी आली, आणि खिडकीतून सूर्याची तिरीप तिच्यावरून सरकायला लागली. प्योबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“कप्तान तर खुर्चीत बसतो. मग भोवती कोण फिरत होतं?”

“माझे बाबा.”

बाईंनी ते कथा लिहिणाऱ्यांना कळवलं. त्यांनी लगेच कप्तानाची दाढी करणारा एक म्हातारा कथेत घुसवून दिला.

दुकान पाडलं त्याच हिवाळ्यात बे आजोबांना झटका आला. डावी बाजू गेली, डोक्यातली वर्षं एकमेकांत मिसळली. डोग्योमने त्यांना शुश्रूषालयात ठेवलं. दर रविवारी तो जायचा, आणि दर रविवारी ते उजवा हात पुढे करायचे.

“किल्ली दे. शटर उघडायचंय.”

“आज सुट्टी आहे, बाबा.”

“रविवारी सुट्टी? खुळा की काय तू? सुट्टी मंगळवारी. लोक बाहेर ताटकळत असतील.” आणि मग बिचारे दाराकडे बघत रडायचे. नर्स म्हणाली, त्यांना एकदा काहीतरी दाखवा हो, म्हणजे जीव शांत होईल. एखादा फोटो नाही का?

फोटो? डोग्योमकडे हजारो होते. फरशीचा कण न् कण होता, वस्तरा घासायच्या पट्ट्याची सुरकुती न् सुरकुती होती. फक्त दुकान नव्हतं. दिवसाउजेडी दिसायचं तसं दुकान त्यातल्या एकाही फोटोत नव्हतं, आणि म्हाताराही नव्हता.

मग त्याने दुकान संगणकावर उभं करायचं ठरवलं. बाईंनी परवानगी दिली. भिंती उभ्या राहिल्या, खुर्ची आली, आरसा आला. राहिलं ऊन. इंचॉनचा सूर्य कुठल्या दिवशी कुठे असतो हे संगणकाला ठाऊक असतं, पण त्तोकवालीची ताडपत्री किती पिवळी होती? किती खाली झुकायची? ऊन आरशापर्यंत पोचायचं, की बाकापाशीच थांबायचं? लहानपणापासून तो त्या उन्हात गृहपाठ करत बसला होता, आणि आता त्याला काही म्हणजे काही आठवेना. त्तोकवालीचा पत्ता लागला. ताडपत्री फेकून दिली, म्हणाली. डोग्योम पिवळा रंग कमी करी, जास्त करी, सूर्य इकडे नेई, तिकडे नेई. दरवेळी दुकान सुबक दिसे आणि दरवेळी ते परक्याचं वाटे. चूक त्याची होती आणि ती दुरुस्त करायला जगात काही उरलं नव्हतं, हे त्याला कळत होतं, तरी तो करत राहिला.

“हे मलाही जमायचं नाही रे,” प्योबाई म्हणाल्या. “जसं आहे तसं घेऊन जा.”

रविवारी तो लॅपटॉप घेऊन गेला. बे आजोबा चाकाच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी पडद्यावरचं दुकान नीट निरखलं, न्हावी गिऱ्हाईक निरखतो तसं.

“छान ठेवलंय,” ते म्हणाले. “कोणाचं आहे?”

“बाबा, तुमचंच.”

“चल, थट्टा करतोस म्हाताऱ्याची.” आणि हात पुढे आला. “किल्ली दे.”

डोग्योमला रडू आवरेना. नुसतं काहीतरी दाखवायचं म्हणून त्याने स्थानक उघडलं. अंधार, चांदण्या, मधोमध कप्तानाची खुर्ची. खिडकीतून तिरीप आली आणि झिजलेल्या फरशीवरून हळूहळू सरकायला लागली.

म्हातारा पुढे वाकला. त्यांची नजर फरशीवर खिळली, उजवा पाय जमिनीवर किंचित हलला.

“अरे, थांब थांब,” बे आजोबा घाईघाईने म्हणाले. “मी मध्ये येतोय. सरकतो हं.”

आणि धड असलेल्या पायाने जमिनीला रेटा देत त्यांनी खुर्ची मागे ढकलली. थोडी, अजून थोडी, पार भिंतीला टेकेपर्यंत.

“नाही बाबा, पुढे या. या ना इकडे.” डोग्योमने खुर्ची धरून ओढली. त्यांनी खटकन ब्रेक लावला.

“तू काढ फोटो. माझी सावली पडते.” ते अंग चोरून बसले, डोकंही बाजूला केलं. “ठीक आहे ना आता? की अजून सरकू?”

“ठीक आहे,” डोग्योम म्हणाला. त्याने चाकाच्या खुर्चीवरचा हात काढला.

ते शहाण्या मुलासारखे वाट बघत राहिले. पडद्यावर तिरीप फरशी ओलांडून गेली.

“झाला का?”

“झाला, बाबा.”

“मग खिडकीवरचं ते काळं कापड काढ. गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.”

डोग्योम उठून खिडकीपाशी गेला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खिडकीवर कापड नव्हतंच. तो हात वर करून तसाच उभा राहिला, आणि मागून बाबा विचारत होते, निघत नाहीये का रे?