जर्मलचं भगुलं

भवानी पेठेतल्या त्या गल्लीत एक रीत आहे. श्रावणातल्या दर सोमवारी कोपऱ्यावरच्या मठात एका घरची हुग्गी जाते. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गुळातली खीर, पण गल्लीतल्या बायकांसमोर तिला खीर म्हणू नका, बोलणं टाकतील. घरं पुष्कळ आणि सोमवार मोजके, त्यामुळे एका घराची पाळी पुन्हा यायला काही वर्षं जातात. हुग्गी घरच्या शेगडीवर, घरच्या मालकीच्या भांड्यात, आणि तीही एकाच भांड्यात व्हायला हवी. भाड्याचं पातेलं चालत नाही. का चालत नाही हे कुणी विचारत नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते कधीच वर गेले.

यंदा पाळी शिवम्मांच्या घरची होती. शिवम्मांची सत्तरी उलटलेली, उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जात नव्हता. मोठी हुग्गी ढवळणं त्यांच्याच्यानं होणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. मग ढवळणार कोण?

घरात सून होती. वैजयंती. सांगोल्याकडची, शेतकऱ्याची लेक. युनिफॉर्मच्या कारखान्यात काज-बटणाला म्हणून सोलापुरात आली, तिथंच शिवम्मांच्या सोमेशशी तिचं जमलं आणि लग्न झालं. तिच्या माहेरी जत्रेला बोकड पडायचा. इथं लिंगायताचं घर, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. लग्नाच्या दिवसापासून तिनं मटण सोडलं, कुणी सांगायच्या आधी सोडलं. चौदा वर्षं झाली. रोजची भाजी-भाकरी तिच्याच हातची, शिवम्मा ती जेवायच्या, कधी नाव ठेवलं नाही. पण देवाचं म्हणून जे काही व्हायचं त्याला हात शिवम्मांचाच. वैजयंतीनं गूळ किसून द्यायचा, खोबरं भाजून द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

तिला ही हुग्गी स्वतः करायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

तिनं आषाढातच विषय काढला. "आत्या, यंदा मी करते हुग्गी. तुमी नुसतं बसून सांगा."

शिवम्मा हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "भांडं कुटं हाय? तांब्याचं मोठं पातेलं वाटणीत थोरल्याकडं गेलं. भांडं असतं तर बघितलं असतं."

आता यातला नकार कुणालाही कळला असता. वैजयंतीलाही कळला. पण तिनं न कळल्यासारखं केलं आणि पाळीच्या सोमवाराआधीच्या मंगळवारी जुन्या बाजारातून भलंथोरलं भगुलं घेऊन आली. जर्मलचं. अॅल्युमिनियमला ह्या भागात अजून जर्मलच म्हणतात. बंद पडलेल्या कुठल्याशा खानावळीचं होतं. विकणाऱ्यानं बाहेरून रुपेरी रंग फासून ते लग्नातल्या नवरदेवासारखं नटवलं होतं. आतून मात्र ते तपकिरी-काळं होतं, वर्षानुवर्षं तेल जळून बसलेला लाखेसारखा थर.

सोमेश हसला. "अगं, मी नवं आणतो की."

"नवं आणलं तर त्या दुसरं कायतरी काढतील," वैजयंती म्हणाली. "ह्यातच करणार मी."

दुसऱ्या दिवशी वैजयंतीनं आपल्या पोरीला शाळेत धाडलं, पदर खोचला, मागच्या अंगणात तीन विटा मांडून भगुलं वर चढवलं आणि पाण्यात धुण्याचा सोडा टाकून उकळायला ठेवलं. शिवम्मा दाराशी पाटावर बसून गहू निवडत होत्या. पाणी तापलं, बाहेरच्या रुपेरी रंगाला फोड आले, त्याच्या साली सुटून खाली पडायला लागल्या, आणि आतून वाफ उठली.

त्या वाफेबरोबर वास आला. काळ्या मसाल्याचा, भाजल्या खोबऱ्याचा, आणि त्याखाली मटणाच्या चरबीचा. वैजयंतीला तो पहिल्याच श्वासात कळला. आणि खरं सांगायचं तर तिच्या तोंडाला पाणी सुटलं. क्षणभर ती सांगोल्याच्या जत्रेत उभी होती, ताटली हातात घेऊन, आईच्या मागं. मग तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"काय शिजत होतं गं ह्यात?" दारातून शिवम्मांनी विचारलं.

डाळ म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. डाळ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण देवाच्या नैवेद्याचं भांडं, त्याची सुरुवात खोट्यानं करायला तिचं मन घेईना.

"मटण," ती म्हणाली. "रस्सा शिजवत असतील."

शिवम्मांचा सुपातला हात थांबला. वैजयंतीला वाटलं, संपलं. आता भगुलं पुन्हा बाजारात आणि हुग्गी करायला ये म्हणून अक्कलकोटच्या भाचीला, चन्नम्माला, फोन.

पण शिवम्मा एवढंच म्हणाल्या, "घास."

"घासून निघालं तर?"

"निघू दे तर आधी."

झालं, बाईच्या अंगात वारं शिरलं. चिंचेचा कोळ आणि मीठ घालून उकळलं. राख झाली, विटेचा चुरा झाला, काथ्या झाला, तारेचा घोस झाला. उलथण्याच्या धारेनं थर खरवडून झाला. खालून पांढरं जर्मल दिसायला लागलं, पण ठिगळा-ठिगळानं. काठाच्या दुमडीत आणि बुडाच्या कडेला काळं तसंच चिकटून. नखं गेली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्यात चिंच गेली की ती ओठ चावून उभी राहायची. रोज संध्याकाळी शिवम्मा यायच्या, भगुल्यावर वाकायच्या, काठाशी नाक न्यायच्या आणि म्हणायच्या, "अजून हाय."

रोज हेच. ना शाबासकी, ना शिवी.

"तुम्हा दोघींच्या मधे ते भगुलं मरंल बघ," सोमेश म्हणाला. पण बायकोची बोटं बघून त्याचंही काळीज हललं असावं. कारण शनिवारी तो सूत रंगवणाऱ्या ओळखीच्या डाय हाऊसमधून कॉस्टिक सोडा घेऊन आला, सोबत रबरी हातमोजे. सुताला लावतात ते कॉस्टिक. "तेलाचा बाप असला तरी निघतो ह्यानं. पण लई वेळ ठेवू नको. काळं सरलं की हे जर्मलच खायला लागतं. थर सुटला की लगेच काढ."

तिनं प्लास्टिकच्या मोठ्या टबात सावकाश कॉस्टिकचं पाणी केलं आणि भगुलं त्यात सोडलं. पाणी आपोआप गरम झालं, खदखदायला लागलं, उग्र वाफ आली म्हणून ती लांब जाऊन उभी राहिली. बघता बघता काळ्याच्या खपल्या सुटून वर तरंगल्या. काढलं, नळाखाली धुतलं, लिंबू चोळलं. मंद पांढरं, स्वच्छ भगुलं. वैजयंतीला रडूच यायचं बाकी होतं. तिनं ते उचलून शिवम्मांसमोर नेऊन ठेवलं.

शिवम्मा वाकल्या. नाक नेलं.

"अजून हाय."

वैजयंतीनं स्वतः डोकं आत घालून वास घेतला. लिंबाचा होता. दुसरा कसलाच नव्हता. पण मग तिच्या मनात आलं, आपलं नाक मटणावर वाढलेलं. ज्यानं जन्मात कधी त्याला शिवलं नाही त्याला जो वास येतो तो आपल्याला कुठला यायला? त्यांना येत असणार. नक्की येत असणार. हा विचार तिला इतका खरा वाटला की तिनं पुढं काही विचारलंच नाही, भगुलं पुन्हा टबात सोडलं.

संध्याकाळी पुन्हा, "अजून हाय."

रविवारी सकाळी तिनं उरलेलं सगळं कॉस्टिक ओतलं, भगुलं बुडवलं आणि आत जाऊन गूळ फोडत बसली. सोमेशचं बोलणं तिला आठवत होतं. तरी ती उठली नाही. ह्या वेळेला राहायलाच नको काही, ह्या हट्टानं बसून राहिली. बाहेर आली तेव्हा खदखद थांबली होती. भगुलं उचललं तर हाताला हलकं लागलं. धुतलं, पाणी भरून विटांवर ठेवलं, आणि विटा ओल्या व्हायला लागल्या. तिनं ते रिकामं केलं आणि उन्हाकडं धरलं. बुडातून ऊन दिसत होतं, चाळणीतून दिसावं तसं.

उद्याच पाळीचा सोमवार होता.

वैजयंतीनं भगुलं तसंच उचललं आणि शिवम्मांच्या पुढ्यात आदळलं. चौदा वर्षांत तिनं त्या घरात भांडं आदळलं नव्हतं.

"घ्या. बघा आता वास. आता कायबी राहिलं न्हाय, भांडंच राहिलं न्हाय." तिचा आवाज फाटला. "मीबी ह्यातलीच, आत्या. मटणाच्या घरची. चौदा वर्षं घासतीय मी सोताला. अजून किती घासायचं ते तरी सांगा! का मला भोकं पडल्यावर मग म्हणणार, आता झालं?"

शिवम्मांनी भगुलं ओढून घेतलं. बुडाच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग सुनेचे हात धरले, पालथे केले, पेरांवरच्या चिरा बघितल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की वैजयंती रडता रडता थांबली.

"वास येत नव्हता गं," शिवम्मा म्हणाल्या.

"काय?"

"मला कसलाच वास येत न्हाय. कोरोनाचा ताप आला होता बघ, तवापासनं. विभूतीचा न्हाय, उदबत्तीचा न्हाय, दूध जळालं तरी कळत न्हाय. चवबी तशीच गेली. गोड का तिखट येवढंच कळतं."

"मग रोज वाकून..."

"वाकत होते." त्या खाली बघत बोलत होत्या. "दिवाळीत करंज्यांचं सारण करपवलं मी. तुमी सगळ्यांनी गप खाल्लं. मला तुमच्या तोंडावरनं कळलं. मग मला भ्या वाटाय लागलं. तू एकदा हुग्गी केलीस, गल्लीनं चांगली म्हटली, की मग ह्या घरात मी कशाला? नुस्ती गहू निवडायला? भांडं साफ न्हाय झालं तर तू दमशील, सोडून देशील, असं वाटलं. तू सोडीचनास."

वैजयंती तिथंच जमिनीवर बसली. राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. इतके दिवस ज्या नाकाला ती भीत होती ते नाक मेलेलं होतं, आणि त्याच्या शब्दावर तिनं स्वतःचं धडधाकट नाक खोटं ठरवलं होतं.

"आन् मटणाच्या घरची म्हणून?" तिनं विचारलंच. "ते न्हवतं मनात?"

"होतं," शिवम्मा म्हणाल्या. "तू आलीस तवा लई होतं. खोटं कशाला बोलू. कधी गेलं ते मला कळलं न्हाय. पर गेलं हे तुला सांगायचं राहिलं, ती माझी चूक." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू डाळ म्हणाली असतीस तर मला काय कळणार होतं? तू मटण म्हणालीस. दोन रात्री मला झोप लागली न्हाय."

शेवटी शिवम्माच उठल्या, खांद्याला हात लावून कण्हत. "साकु," त्या कानडीत म्हणाल्या. "पुरे आता. गहू भिजत घाल."

"कशात करायची? भांडं कुटं हाय?"

"घरात तीन पातेली हायत की. तिन्हीत कर."

"एकाच भांड्याची रीत..."

"मठात काय सांगायचं ते मी सांगते. तू गहू भिजव."

सोमवारी पहाटेच दोन शेगड्या आणि एक जुना स्टोव्ह पेटला. सोमेशला स्वयंपाकघराबाहेर हाकललं. वैजयंती ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात ढवळत फिरत होती, शिवम्मा मधे पाटावर बसून डाव्या हातानं जवळचं ढवळत होत्या. गहू फुटला, गूळ पडला. गुळानंतरची वेळ वाईट, जरा दुर्लक्ष झालं की बुडाला धरतं आणि सगळं वाया जातं.

"कसा वास यालाय?" शिवम्मांनी विचारलं.

वैजयंतीनं पहिल्या पातेल्यावर वाकून श्वास घेतला. "गुळाचा कच्चा वास हाय अजून."

"ढवळ. आता?"

"आता गव्हाचा यालाय. भाजल्यासारखा. पर करपलेला न्हाय."

"आच मोठी कर जरा. तिसऱ्याचं काय?"

"तिसरं खाली धरायला आलंय, आत्या."

"उतरव, उतरव लगेच!" शिवम्मा ओरडल्या, आणि दोघींनी मिळून, तीन हातांनी, ते खाली ओढलं.

तूप पडलं, खोबरं-खसखस पडली, वेलदोडा पडला. बाहेर गल्लीत मठाकडं जाणाऱ्या बायकांचे आवाज यायला लागले. वैजयंतीनं नैवेद्याचं आधी वेगळं काढलं, मग वाटीत थोडी हुग्गी घेऊन शिवम्मांच्या हातात दिली. शिवम्मांनी फुंकर मारून एक चमचा तोंडात घातला. बराच वेळ तो तोंडात तसाच धरला. मग गिळला आणि डोळे पुसत म्हणाल्या, "गोड हाय, येवढंच कळतंय मला. तू सांग. झाली का?"

वैजयंतीनं चाखून बघितली. घाई केली नाही. पुन्हा एकदा चाखली.

"झाली, आत्या."

"मग झाली," शिवम्मा म्हणाल्या. "उचल."