पापलेट वाळत घालणारी बाई

मला फोटोतून माणूस कापता येतो. बढाई नाही, खरंच येतो, केस न् केस सुटा करून. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ कृणालच्या शेजारी बसून शिकले. तो अंधेरीच्या एका स्टुडिओत सिनेमांची पोस्टर्स बनवतो; मीही तिथे त्याच्या हाताखाली बसायचे.

वर्सोव्यात शूट झालेल्या एका सिनेमाच्या पोस्टरवर हिरोच्या मागे कोळीण हवी होती. मी काढलेला आईचा फोटो मालक निमेश सरांना आवडला. बंदरावर बोंबील वाळत घालतानाचा. ती माझी आई आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आईनं मात्र आठवडाभर अख्ख्या बंदरावर सांगितलं होतं, "मी पोस्टरवर येतंय."

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे काय लोंबतंय?"

"बोंबील, सर."

"शी. चिंध्या वाटतात. पापलेट लाव, मस्त चमकतं."

"सर, पापलेट असं कोणी वाळवत नाही. बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करतात, ती दोरीवर टाकतात. पापलेट तसं टांगताच येत नाही."

"तुला येईल की. फोटोशॉप कशाला शिकलीस? आणि बाईला जरा साफ कर. बघूनच वास येतोय."

मी कृणालकडे बघितलं. दर रविवारी माझ्या आईच्या हातचे बोंबील तीन-तीन वेळा वाढून घेणारा हा माणूस. तो स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणाला, "कर ना यार, दोन मिनिटांचं काम आहे."

मी केलं. त्याचीच मला किळस येते. आईच्या मनगटावरचे खवले पुसले, अंगठ्यावरचा कोयत्याचा जुना वण पुसला, गाल उजळवला. दोरीवर बारा पापलेटं टांगली, प्रत्येकाची सावलीसुद्धा पाडली. झकास दिसत होतं. ती बाई आईसारखी दिसत होती आणि जन्मात कधी मासळीला हात न लावलेली वाटत होती.

तेवढ्यात आईचा फोन. "गो बाय, झाला का? कल्पिता विचारते, कधी लागणार."

कल्पिता म्हणजे मासळीबाजारात आईच्या शेजारच्या फळीवर बसणारी. पोस्टर लागलं की तीच पहिली हसणार. आईचं नाव घेऊन म्हणणार, "कमळ पापलेट सुकवते." मग आईला मरेपर्यंत हेच ऐकावं लागणार.

फोन ठेवला आणि आईला सिलेक्ट करून उडवलं. तिच्या जागी समुद्र भरला; दोरीवरची पापलेटं तशीच राहिली. मग मूळ फोटोही स्टुडिओच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकला. माझा होता तो.

"बाई कुठे गेली?" सरांनी विचारलं.

"ती पापलेट सुकवत नाही. माझी आई आहे."

सरांनी चहाचा घोट घेतला. "बरं. कृणाल, नेटवरून दुसरी उचल."

कृणालनं लगेच टाइप करायला घेतलं. मी बॅग उचलली.

बंदरावर आई दोरीपाशीच होती. निघताना फोनवर घेतलेलं पोस्टर मी तिला दाखवलं. तिनं ते मोठं करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वतःला शोधलं.

"मी कुठं हाय?"

"काढलं तुला. मीच काढलं."

तिचं बोट पोस्टरमधल्या दोरीवर थांबलं. "आणि ही पापलेटं कोणी टांगली गो?"

"मीच."

तिनं फोन परत दिला. टोपलीतून दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवला.

"हात धुऊन ये आधी," ती म्हणाली. "मग धर ती टोपली."