सासूबाईंचा अर्क

रोज सकाळी खिडकीशी उभं करून मी ह्यांचा उजवा डोळा तपासते. डावा गेल्या वर्षीच गेला. आता हा एकच उरलाय, म्हणून आधी डोळा, मग चहा.

आज बुबुळाच्या तळाशी पांढरा थर दिसला.

"अहो, चला दवाखान्यात."

"आणि दुकान?"

कोरियातल्या कुमसानच्या बाजारात आमचं जिनसेंगचं, म्हणजे ताकदीच्या मुळांचं, दुकान आहे. मुळाच्या मानेवरच्या खुणा बघून त्याचं वय सांगावं ते ह्यांनीच.

"दुकान गेलं खड्ड्यात!"

सासूबाईही पिशवी घेऊन निघाल्या. बसमध्ये हे सारखे डोळा चोळत होते आणि मी सारखी हात खाली ओढत होते. ड्रायव्हर इतका हळू चालवत होता की उतरून ढकलावंसं वाटलं.

"गोळ्या घेताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," हे म्हणाले.

"दुसरं काही औषध?"

"छे!" आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

डॉक्टर यंत्रातून आत बघत राहिले. "शरीराची राखण करणारं सैन्य पिसाळलंय. तुमच्याच डोळ्याला शत्रू समजून आत घुसलंय. तो पांढरा थर म्हणजे त्याचीच गर्दी. गोळ्यांनी ते आवरायला हवं होतं. का आवरत नाही, तेच कळत नाहीये."

तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून रेशमी रुमालात बांधलेली बरणी काढून टेबलावर ठेवली. "घ्या साहेब, घरचा लाल जिनसेंगचा अर्क. प्रतिकारशक्ती अशी वाढते म्हणता! ह्या माझ्या ग्युताएला दिवसातून तीनदा पाजते."

डॉक्टरांनी बरणीला हात लावला नाही. "औषध नाही म्हणालात ना?"

"हे कुठं औषध? हे तर खाणं."

मीही "छे" म्हणालेच होते.

"आजी, हेच सैन्य मी आवरतोय आणि तुम्ही त्याला खुराक घालताय."

सासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "गोळ्यांच्या कागदावर प्रतिकारशक्ती कमी होते असं लिहिलं होतं. म्हणून मी अर्धीच घे म्हटलं. आमच्या गावात असलं कुणी मुद्दाम कमी करतं का हो?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर ह्यांनी मान खाली घातली. इतका संताप आला! आईचं मन मोडवत नव्हतं म्हणे, आणि मी रोज सकाळी डोळ्यात बघत होते.

त्याच दिवशी सलाईनमधून औषध सुरू झालं. थर विरला, पण तोवर आतल्या पडद्याला इजा झाली होती. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुढच्या बाजाराला आम्ही दुकान उघडलं. एका बाईनं मूळ उचलून ह्यांच्यापुढे धरलं. "किती वर्षांचं?"

ह्यांनी ते नाकाशी नेलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. "सहा."

ते चारचं होतं, हे सासूबाईंना लांबूनच दिसलं. त्या पुढे झाल्या, ह्यांच्या हातातून मूळ काढून घेतलं आणि बाईला म्हणाल्या, "चार वर्षांचं आहे."

"असू दे, चारचं तर चारचं. पण प्रतिकारशक्ती वाढते ना आजी?"

ही आरोळी ठोकण्यात सासूबाईंचा जन्म गेला होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"वाढते बाई," त्या म्हणाल्या, "फार वाढते," आणि तोंड न लपवता भर बाजारात ढसाढसा रडल्या.