फसफसलेला पेला

"फसफसला! अहो, खरंच फसफसला!"

तळमजल्यावरच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यांवरचे शेजारी जिन्यात उभे राहून माना लांब करत होते. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा पेला, पेल्यात थंडगार लिंबू-संत्र्याचं सरबत, आणि सगळ्यांचे डोळे मात्र थोरल्या सुनेच्या पेल्यावर. तिच्या हातातलं सरबत उकळत्या दुधासारखं उतू जात होतं. फेस बोटांवरून ओघळत कोपरापर्यंत आला होता.

"पाहा!" बाळाची नजर उतरवायला बोलावलेले निर्मळबाबा गरजले. "अमृत साऱ्यांच्या हाती शांत राहिलं, हिच्या हाती खवळलं! कडू नजर! हीच बाळाला खातेय. आम्ही काही बोलत नाही, पेला बोलतो!"

"बोलला हो, बोलला!" सासूबाईंनी हात जोडले.

धाकट्या सुनेचं बाळ थोरलीच्याच कडेवर होतं. तापाने फणफणलेलं, रडून रडून घसा बसलेलं. तिच्या खांद्यावर तेवढा त्याचा डोळा लागायचा. धाकटी तीरासारखी पुढे आली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने बाळ हिसकावून घेतलं. बाळ किंचाळलं. थोरलीने पेला टेबलावर ठेवला, आतल्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

धाकटी शाळेत विज्ञान शिकवायची.

सरबत दोघींनी मिळूनच केलं होतं. खरं तर थोरलीनेच. एवढ्या माणसांचं म्हटल्यावर धाकटीचे हातपाय गळाले होते, पण थोरलीने पदर खोचला. "साखर आधी गरम पाण्यात विरघळव गं, गारात ती तळाशी बसते. बिया गाळून घे, नाहीतर कडवटपणा उतरतो. बर्फ अगदी शेवटी." लिंबं पिळता पिळता ती मधेच उठून बाळाला थोपटून येत होती.

सरबत दोघींचं असलं तरी पेले बाबांच्या शिष्याने मांडले होते. आणि थोरलीचा रिकामा पेला बाबांनी स्वतःच्या हाताने दिला होता, सरबत त्यात नंतर ओतलं गेलं. "घरात मूलबाळ नसलेलं कोणी आहे का?" असं त्यांनी आल्या आल्या सासूबाईंना विचारून ठेवलं होतं.

आता निकाल लागला. "हिला आजच्या आज माहेरी धाडा," बाबा म्हणाले. "बाळ हवं असेल तर."

थोरलीचा नवरा मान खाली घालून बॅग शोधायला उठला. बायकोच्या बाजूने त्याच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

"तो पेला आधी बाहेर फेक," सासूबाईंनी धाकटीला फर्मावलं.

बाळाला नवऱ्याकडे देऊन धाकटी पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. उरलेलं सरबत मोरीत ओतलं, तर तळाला पांढरा लगदा चिकटलेला. साखर असेल म्हणून तिने बोट लावून चाखला. खारट, साबणासारखी चव. खाण्याचा सोडा!

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सोड्यावर लिंबू पिळलं की वायू निघतो आणि फेस येतो, हे ती सातवीच्या मुलांना दरवर्षी करून दाखवायची. कोणी दचकलं तर हसून म्हणायची, "घाबरायचं काय त्यात?"

तिने फडताळातला सोड्याचा डबा काढला.

"महाराज, सगळ्यांचं झालं, तुम्हीच राहिलात." तिने बाबांच्या हाती पेला दिला आणि वरून सरबत ओतलं. फेस भस्सकन वर आला तो थेट दाढीपर्यंत.

जिन्यातल्या एक आजीबाई म्हणाल्या, "अगंबाई, बाबांचीही नजर कडू?"

"पाप... हिचं पाप शोषून घेतलं आम्ही!" बाबा दाढी पुसत म्हणाले.

"आई, आता तुम्ही धरा." सासूबाईंचाही पेला उतू गेला. "तुमचीही नजर लागली का बाळाला?"

"काय बोलतेस गं! माझा नातू आहे तो!"

"ताईंचाही पुतण्याच आहे, आई."

मग तिने डबा सगळ्यांसमोर उघडला. रिकाम्या पेल्यात चिमूटभर सोडा टाकला, सरबत ओतलं, आणि ज्याला हवं त्याला करून पाहू दिलं. स्टीलच्या पेल्यात तळ दिसत नाही, सगळी करामत तेवढीच. हे चालू असतानाच बाबा आणि शिष्य गर्दीतून वाट काढत पसार झाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला त्या चपराकीसारख्या लागल्या.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "पेल्यात सोडा बाबांनी टाकला. पण बाळ मी हिसकावलं. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं."

त्याच दुपारी डॉक्टरांनी बाळाला तपासलं. "कानात पू झालाय. ठणक्याने रडतंय बिचारं. इतके दिवस कशाची वाट पाहत होता?" औषध सुरू झालं आणि पुढच्या काही दिवसांत ताप उतरला.

त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर धाकटी बंद दारापाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

"ताई, चुकलं माझं."

"आतून ऐकलं मी सगळं. सोड्याने फेस येतो, हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"ते राहू दे. घाबरलीस, विसरलीस." थोरली म्हणाली. "पण मी तर तुला माहीत होते ना गं?"

धाकटीला वर बघवेना.

वाचकहो, नजरेने ताप येत नाही आणि माणूस बघून सरबत उतू जात नाही. आजारी मूल डॉक्टरकडे न्या, आणि चमत्कार दाखवणाऱ्याला बेधडक विचारा, 'कसं केलंत?' पण त्याआधी एक बघा, त्याचं बोट कोणाकडे वळलंय. ज्याच्या बाजूने घरात कोणी बोलणार नाही, असं माणूस तो बरोबर हेरतो. त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्यासाठी विज्ञान यावं लागत नाही.