भिंतीपलीकडची बाईसाहेब

या, असे जवळ या. मागे कोण अंग चोरून बसलंय? पुढे सरका. माणसं दाटीनं बसली की गोष्टीला ऊब येते. मनातल्या मनात देवाचं नाव घ्या, त्याला काही वेळ लागत नाही, आणि मग एका गाईची गोष्ट सांगतो. गाय तशी शेजाऱ्यांची. पण दोन घरांत भिंत एकच असली, की कोण कुणाचं हे त्या भिंतीलाच विचारावं.

गावाच्या टोकाला ती दोन घरं होती, रुसून पाठ फिरवलेल्या पण टेकून बसलेल्या दोन बहिणींसारखी. एकात शिंपीणकाकू आणि काका. काका कापड कापायचे, इस्त्री करायचे आणि मोजकं बोलायचे. काकू शिवायच्या आणि काकांच्या वाटणीचंही बोलायच्या. दुसऱ्या घरात दूधवाली वहिनी आणि तिचा नवरा. त्याला सारं गाव दादा म्हणे. काकूंची मागची खोली आणि वहिनीचा गोठा यांच्यामध्ये एकच भिंत, आणि भिंतीत वरच्या अंगाला एक झरोका.

त्या झरोक्यातून काय यायचं नाही? गवताचा वास यायचा, शेणाचा यायचा, माश्या यायच्या, वहिनीनं म्हशीला घातलेल्या शिव्या यायच्या. कोंबडी स्वतःची पाटी सोडून परसातून वळसा घालून काकूंच्या चिंध्यांच्या टोपलीत अंडं घालायला यायची. एकदा शेळीनं एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पँटचा खिसा खाल्ला. गिऱ्हाईक तणतणत आलं, तर काकू म्हणाल्या, "खिसाच खाल्ला ना? देवाची कृपा माना, पँट तुमच्या अंगात नव्हती."

काकूंची शहरातली बहीण दोन दिवस राहायला आली की नाकाला रुमाल लावून बसायची. "ताई, तुला इथं झोप तरी कशी लागते गं?"

"रवंथ ऐकत," काकू म्हणायच्या. "तू काय ऐकत झोपतेस तिकडे?"

बहीण रुमाल आणखी घट्ट दाबायची.

तर त्या गोठ्यात एक गाय होती. तिला बाईसाहेब म्हणत. कारण फाटक उघडलं की पहिलं पाऊल तिचं पडणार, बाकीच्यांनी थांबायचं. दुसऱ्या जनावरानं तोंड घातलेल्या पाण्याकडे ती ढुंकून बघायची नाही. तोरा असा, की म्हशीसुद्धा तिला वाट द्यायच्या. आणि तोरा नसायला काय झालं? बाईसाहेब लहानपणी गोठ्यात वाढल्याच नव्हत्या. तिची आई तिला जन्म देऊन गेली, तेव्हा गोठ्याचं छप्पर नेमकं दुरुस्तीला उतरवलेलं होतं. मग ते ओलं, थरथरतं पोर काकूंच्या मागच्या खोलीत आलं. काकू मशीन चालवायच्या, वहिनी शेजारी मांडी घालून बाटलीनं दूध पाजायची, आणि पोट भरलं की वासरू काकूंच्या चपलांवर हनुवटी टेकून झोपायचं. छप्पर चढलं, वासरू भिंतीपलीकडे गेलं, मोठं झालं. चपलांची ती गोष्ट सगळे विसरले. म्हणजे माणसं विसरली.

एका सकाळी बाईसाहेब पहिल्यांदा व्यायल्या. गोऱ्हा झाला, कपाळावर पांढरा ठिपका. काकूंनी झरोक्याखाली स्टूल ठेवून, त्यावर चढून त्याला डोळे भरून पाहिलं. खाली उतरल्या त्या निश्चय करूनच.

"अहो, मशीन पुढच्या खोलीत न्यायचंय."

काका इस्त्री करत होते. "मशीन आहे ते. काडेपेटी नाही."

"बाळंतिणीच्या कानाशी कुणी खडखड करतं का? पहिलटकरीण आहे बिचारी."

"जन्मापासून ऐकतेय ती खडखड."

"तेव्हा ती पोर होती, आता आई झालीय. तुम्हाला नाही कळायचं."

काकांना कळायचं नाही असं एकदा ठरलं की काका बाही वर सारायचे. मशीन पुढच्या खोलीत गेलं. तिथं उजेड कमी, रस्त्याची धूळ जास्त, आणि येणारा-जाणारा खिडकीत डोकं घालून "काय शिवताय?" विचारणार. पण काकूंनी हूं की चूं केलं नाही. चांगलं काम केल्याचा आनंद अंगावर नव्या कपड्यासारखा मिरवत त्या शिवत राहिल्या.

आता भिंतीपलीकडे काय झालं ते ऐका. वहिनीच्या लक्षात आलं, की मागच्या खोलीतलं मशीन बंद आहे. ती मनाशी म्हणाली, "अगं बाई! वासरू हंबरतं, माश्या वाढल्यात, काकूंना सोसवेना. म्हणून पुढं गेल्या बिचाऱ्या. मनानं मोठ्या, तोंडानं नाही बोलायच्या." तिनं त्याच दिवशी गाईच्या घंटेत चिंधी कोंबली. म्हशीला शिव्या घालणं बंद केलं, त्यामुळे म्हैस गोंधळली ती वेगळीच. आणि दादाला सांगून टाकलं, "गोठ्यात खोकायचं नाही. खोकला आला तर रस्त्यावर जा."

विहिरीवर दोघी भेटल्या.

"काकू, आमचा त्रास होत नाही ना हो?"

"छे गं! उलट आमचाच नाही ना तुम्हाला?"

"काहीतरीच काय!"

दोघी आपापली घागर घेऊन घरी आल्या, आणि समोरची किती मन मारून बोलली याचं दोघींनाही वाईट वाटलं. भांडखोर शेजारी परवडले, त्यांच्या मनातलं निदान कळतं तरी. एकमेकींना जपणाऱ्या दोन बायका एका भिंतीला राहिल्या, की देवानंसुद्धा कान टवकारून बसावं लागतं.

इकडे बाईसाहेबांनी दूध चोरायला सुरुवात केली. वासराला चार घोट द्यायची, आणि वहिनी चरवी घेऊन बसली की कास दगडासारखी. चुचकारलं, खाजवलं, गूळ चारला. कुणी म्हणालं चारा बदला, कुणी म्हणालं जागा बदला, कुणी म्हणालं दृष्ट लागली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ ओढून पाहिली आणि म्हणाले, "गाय ठणठणीत आहे. तिच्या मनात नाही, एवढंच." मनाचं औषध त्यांच्या पेटीत नव्हतं.

दादाचं घर दुधावर चालायचं. गोठा म्हणजे काही देवराई नव्हे, न देणाऱ्या जनावराला जागा द्यायला. एके दिवशी तो बाजारातून आला आणि हात-पाय न धुताच म्हणाला, "गोडबोल्याला शब्द दिलाय. शुक्रवारी सकाळी येऊन बाईसाहेबांना घेऊन जाईल. वासरासकट."

गोडबोल्या म्हणजे गुरांचा व्यापारी. लंगडा बैलसुद्धा 'चालीत ठेका आहे' म्हणून विकणारा माणूस. आणि दादा म्हणजे शब्दाचा असा पक्का, की एकदा कुणाला 'येतो' म्हणाला होता तर तापानं फणफणलेला असताना गेला होता. वहिनीनं घागर उचलली. विहिरीवर आली, घागर पाण्यात सोडली आणि दोर हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"बाटलीनं वाढवलीय हो मी तिला," वहिनी म्हणाली. "शुक्रवारी गोडबोल्या घेऊन जाणार तिला."

काकू घरी आल्या त्या थेट देवापुढे बसल्या. "देवा," त्या म्हणाल्या, "मी तिच्यासाठी मशीन हलवलं. तू तुझ्याकडून एवढंसं काही हलव की रे." देवाशी त्यांचं असंच शेजाऱ्यासारखं बोलणं असे.

आणि शुक्रवारीच नेमकी अडचण आली. शाळेच्या रंगमंचाचा पडदा शिवायला आलेला होता, चांगला लांबलचक. तो पुढच्या खोलीत पसरेना. एक टोक मशीनवर तर दुसरं रस्त्यावर, आणि रस्त्यावरच्या टोकावर कुत्रं येऊन बसलेलं.

"चला मागे," काका म्हणाले.

"अहो, पण बाळंतीण…"

"बाळंतीण आज जायचीय." काका एवढंच बोलले, पण हळू बोलले.

दोघांनी मशीन परत मागे ओढलं. काकूंनी आधी झरोक्याकडे बघून हात जोडले, "थोडं सोस गं बाई," म्हणाल्या, आणि मशीनच्या पेडलवर पाय ठेवला. सवयीनं तोंडात देवाचं गाणंही आलं. खडखड, खडखड.

पलीकडे साखळी वाजली. मग बाईसाहेब हंबरली. ओरडणं नव्हतं ते. घशातल्या घशात, घरी परतलेलं माणूस उंबऱ्यावर "आहे का कुणी?" म्हणतं तसं. काकू दचकून थांबल्या. "बघा, त्रास झालाच तिला!"

"काकू!" झरोक्यातून वहिनीचा आवाज फुटला. "थांबू नका!"

"काय झालं गं?"

"थांबू नका म्हणते ना! पान्हवलीय! चालवा, चालवा!"

काकूंनी मशीन दामटलं ते असं, की जणू घराला आग लागलीय आणि मशीननंच विझवायचीय. भिंतीपलीकडे रिकाम्या चरवीत धार पडली, खणखणीत. मग पुन्हा एक, पुन्हा एक, आणि मग चरवी भरू लागली तसा तो आवाज जाड, मऊ, फेसाळ होत गेला. काकूंचे डोळे पाण्यानं भरले. समोरची सुई दिसेना, तरी पाय थांबेना. पडदा शिवून संपला, आणि त्यापुढे त्यांची स्वतःची बाहीसुद्धा पडद्याला शिवली गेली.

काका कात्री घेऊन आले. वाकून टाके उसवता उसवता म्हणाले, "इतक्या वर्षांत बायको पहिल्यांदा पडद्यावर आली." मग आणखी एक टाका तोडून, "अगं, चपलांवर झोपायची ती तुझ्या. आठवतं?"

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. तोही मोकळ्या हातानं. दुसरा अजून पडद्यातच होता.

तेवढ्यात फाटकाशी हाक आली. गोडबोल्या. खांद्यावर दोर, पायांवर धूळ, पहाटेपासून चालून आलेला. काकू बाही सोडवून स्टुलावर चढल्या आणि झरोक्याला डोळे लावले.

वहिनी दोन्ही हातांनी भरली चरवी धरून उभी होती. दादाचा चेहरा तिच्याहून पडलेला.

"दादा," काकू वरूनच ओरडल्या, "मशीन ऐकून दूध देतेय ती! आता कशाला विकता?"

दादानं मान वर केली नाही. "काकू, दूध देत नाही म्हणून विकतो, असं मी यांना म्हणालो नव्हतो. विकतो म्हणालो होतो. माणूस माझ्या शब्दावर चालत आलाय."

वहिनीनं चरवी खाली ठेवली. दारी आलेल्या माणसाला द्यावं म्हणून एक पेला भरला आणि गोडबोल्याच्या हातात दिला. थोडं दूध सांडलं.

गोडबोल्यानं पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि झरोक्याकडे पाहिलं. "मशीनची काय भानगड आहे म्हणता?"

काकूंनी सांगितलं. वासराचं, बाटलीचं, चपलांचं, सगळं. दर दोन वाक्यांनी त्या पदर डोळ्यांना लावायच्या. मग तिथं काका खालून शब्द पुरवायचे.

"वाजवा बघू," गोडबोल्या म्हणाला.

काकू उतरल्या, मशीन चालवलं. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, नंतर वहिनीनं सांगितलं. बाईसाहेबांनी डोळे मिटले. कुणी हात लावलेला नसताना सडांतून दुधाचे थेंब टपकायला लागले. गोडबोल्या बघत राहिला. उभ्या जन्मात त्यानं हजार गाई पाहिल्या असतील, पण सगळ्या गिऱ्हाइकाच्या नजरेनं. मग तो गाईभोवती फिरला. दात पाहिले, खूर पाहिले, शेपूट उचलली. शिंगांपाशी येऊन थांबला आणि जीभ चुकचुकवली.

"नको बुवा मला ही."

"का?" दादा म्हणाला.

"डावं शिंग. आत वळलंय."

दादानं पाहिलं. दोन्ही शिंगं चंद्रकोरीसारखी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला दाखवावं. "कुठं वळलंय?"

"तुम्हाला नाही दिसायचं. धंदा माझा आहे. असल्या शिंगाची गाय मी नेत नाही, कुणी घेत नाही. आणि हे बघा दादा, शब्द तुम्ही मोडलेला नाही. सौदा मी मोडतोय. गावात सांगताना घोटाळा नको."

काकू पुन्हा स्टुलावर. "अहो, पण शिंग तर सरळ…"

"काकू," गोडबोल्या वर बघून म्हणाला, "तुम्ही शिवणाऱ्या. सरळ काय, वाकडं काय, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तर तुम्ही गप्प बसा."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"शिवाय," तो दोर खांद्यावर टाकत म्हणाला, "ही गाय विकायची तर सोबत काकूही द्यायला लागतील. ते काकांना चालेल. गिऱ्हाइकाला झेपणार नाही."

भिंतीच्या अलीकडे काका हसले. वहिनी हसायला गेली आणि रडली. दादानं गोडबोल्याचे दोन्ही हात धरले, काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसता खोकला. कितीतरी दिवसांचा साठलेला खोकला होता तो, गोठ्याच्या मधोमध, पोटभर. गोडबोल्या रिकामा दोर घेऊन, आल्या वाटेनं, धूळ उडवत निघून गेला.

काकू मशीनवर बसल्या, कारण वहिनीची चरवी अजून भरायची होती.

तर ऐकणाऱ्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. काकूंसाठी वहिनी आहे, वहिनीसाठी काकू आहेत. पण त्या गोडबोल्याचं कोण आहे, मला ठाऊक नाही. जनावरांचे असलेले दोष झाकण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं एकदा नसलेला दोष दाखवला आणि रिकाम्या हातानं घर गाठलं. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की त्याचीही आठवण काढा.