शेवटच्या डब्याची माणसं

गाडी दहा बेचाळीसची, आणि आम्ही नऊपासून फलाटावर. घाई माझी नव्हती, ह्यांची होती. चौतीस वर्षं गार्डाची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आज पहाटेच दाढी करून, बुटांना पॉलिश मारून दारात तयार! कारणही तसंच होतं. आमची एकुलती एक लेक, भिंगरी, आज पहिल्यांदा एकटीने प्रवाशांची गाडी चालवत आमच्या स्टेशनात येणार होती. गाडी थांबणार जेमतेम अर्धं मिनिट. तेवढ्यात ड्रायव्हरच्या खिडकीत बसलेली लेक डोळे भरून बघायची, बस्स.

ह्यांनी तिकीट खिडकीवरच्या बाईंना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, लिफ्टची वाट बघणाऱ्या दोन अनोळखी आजोबांना तर धरूनच ठेवलं. मग स्टेशनचा इतिहास सुरू.

"हे सगळं माळरान होतं बरं का! एक फलाट, एक पत्र्याची शेड आणि दिवसाला दोन गाड्या. पहिली गाडी आली तिचे गार्ड माझे आजोबा. मग वडील, मग मी. पूल काय, वेटिंग रूम काय, ही लिफ्ट काय, सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं."

पूल झाला तेव्हा हे पाळण्यातही नव्हते. पण म्हटलं, आज बोलू दे.

सासूबाई केव्हाच फलाटाच्या टोकाला, नळाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. ती आमची ठरलेली जागा. सासऱ्यांचं जेवण त्यांनी तिथेच पोचवलं, ह्यांचं मी सव्वीस वर्षं तिथेच पोचवलं. गाडी थांबली की समोरच्या खिडकीतून हात बाहेर येणार, त्यात पिशवी द्यायची आणि मागे सरकायचं. बोलायला वेळ कुठला? आजही काही न ठरवता आम्ही दोघंही त्यांच्याजवळ तिथेच जाऊन उभे राहिलो.

"आली! आली!" हे लहान पोरासारखे ओरडले.

गाडीचं तोंड आमच्यासमोरून भर्रकन निघून गेलं. निळा शर्ट, ताठ मान, नजर समोर रुळांवर. एवढंच काय ते दिसलं. मी हात हलवत राहिले आणि डब्यांमागून डबे पुढे जात राहिले. गाडी थांबली तेव्हा आमच्यासमोर शेवटचा डबा होता. गार्डाचा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, ड्रायव्हर पुढे असतो!" मी किंचाळले.

तीन पिढ्या रेल्वेत घालवलेलं घर, आणि एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? लेक नऊ डबे पुढे, तिकडच्या टोकाला आम्हाला शोधत असणार. मी धावले, पण चार पावलांत उतरणाऱ्यांच्या गर्दीत अडकले. ह्यांचा गुडघा तर पहिल्याच पावलाला कुरकुरला.

गार्डाच्या खिडकीतून एक ओळखीचा चेहरा बाहेर आला. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता केसांत पांढरं डोकावू लागलेला.

"साहेब! तुम्ही इकडे कुठे? ताई पुढे बघत असतील ना!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "व्हा पुढे. मी थांबवतो जरा. एक मिनिट."

"हो हो, थांबवा!" मी म्हटलं.

"अजिबात नाही," हे म्हणाले. "पहिल्याच फेरीला तिच्या नावावर उशीर लावतोस? दे बेल."

मला असा संताप आला म्हणून सांगू! आयुष्यात कोणासाठी गाडी थांबवली नाही ह्या माणसाने. एकदा मी पुलावरून ओरडत येत होते, तरी माझ्या डोळ्यांदेखत सोडली होती. पण पोटच्या पोरीसाठीसुद्धा नाही? मी तोंड उघडणार, तोच ह्यांचा चेहरा दिसला. गार्डाच्या खिडकीची कड घट्ट धरून हे गाडीच्या पुढच्या टोकाकडे बघत होते.

गार्डाने दोनदा बेल दिली. ती तिकडे पुढे ड्रायव्हरजवळ वाजते. ड्रायव्हरने परत दोनदा वाजवली, की गाडी हलते. एवढं तर ह्या घरात राहून मलाही कळतं.

क्षणभर काहीच नाही.

मग गार्डाच्या डब्यात बेल वाजली. ट्रिंग, ट्रिंग. स्वच्छ, ठाम, ना घाई ना घोळ.

असली उत्तरं ह्यांनी नोकरीत हजारो ऐकली असतील. आज मात्र खिडकीवरचा हात सुटेना. गाडी हलली तेव्हा गार्डानेच तो हळूच बाजूला केला. हे फलाटावर तसेच उभे, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही रडत होते आणि हसतही होते.

सासूबाईंना हल्ली ऐकू कमी येतं. त्यांनी बाकावरूनच ह्यांचा सदरा ओढला.

"अरे, काय म्हणाली पोरगी?"

"येते म्हणाली, आई."